चौकशी बालपणापर्यंत पोचतच नाही

फौजेतल्या कुणी आत्महत्या केली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. सुट्टी नाकारली होती का, साहेबाशी वाजलं होतं का, बायकोशी पटत होतं का. सिव्हिलमधल्या माणसानं केली तर कर्ज, दारू, नाहीतर प्रेमप्रकरण. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. कारणांच्या तक्त्यात सगळ्यात मोठा रकाना 'कौटुंबिक समस्या', जवळपास एक तृतीयांश. त्यात काय काय कोंबलंय ते कुणी उघडून बघत नाही. चाळिशीतला माणूस गेला तर तो आठ वर्षांचा असताना घरात काय चालायचं, हे पंचनाम्यात येणार तरी कसं?

मी फौजेतून रिटायर झालो आणि आता नागपुरात भरतीच्या पोरांची तयारी करून घेतो. पहाटे अंधारात पोरं येतात, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचं म्हणून जीव तोडून पळतात. मग मी छाती मोजतो, फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. टेप घेऊन समोर उभा राहिलो आणि हात जरा पटकन वर गेला, की काही पोरं खांदे आक्रसून कोपरानं कान झाकतात. बाकीची हसतात. तोही हसतो, "सवय हाय सर" म्हणतो. पाठीवरचा वळ बेशरमाच्या काडीचा की बेल्टचा, तेही हसत हसतच सांगतात. एकानं मला विचारलं होतं, "सर, सुट्टीत घरीच जा लागते का?" भरती व्हायच्या आधी सुट्टीची चिंता करणारं पोट्टं मी पहिल्यांदाच पाहिलं.

लहानपणीचा मार आणि आत्महत्या यांच्या संबंधावर कॅनडात मोठा अभ्यास झालाय. २०१२ ची सामान्य नागरिकांची पाहणी आणि २०१३ ची सैनिकांची पाहणी शेजारी शेजारी ठेवून २०१६ मध्ये तो छापून आला. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातल्या मोठ्यांची मारामारी पाहणं, यातलं काहीतरी भोगलेले लोक नागरिकांत साधारण ३३ टक्के निघाले. नियमित सैनिकांत जवळपास ४८ टक्के. दोन्हीकडे अशा लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार आणि हातून प्रयत्न जास्त. आणि माझ्यासारख्याला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की मोहिमेवर पाहिलेल्या भयंकर प्रसंगांपेक्षा बालपणीच्या माराचा धागा जास्त घट्ट निघाला. आपण समजतो, माणूस बॉर्डरवर खचतो.

हे सगळं लोकांनी आठवून सांगितलेलं आहे. त्यावरून 'याच्यामुळेच ते झालं' असं छातीठोक म्हणता येत नाही. कॅनडाचे आकडे आपल्या पलटणींना जसेच्या तसे चिकटवताही येणार नाहीत. पण आपल्याकडं मारच नाही, असं कुणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी मांडली, महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार खाल्लेला. घरात मारणारे बहुतेक आईबापच.

"मार खाल्ला म्हणून तर वळण लागलं, फौजेत टिकलो" हे वाक्य मी मेसमध्ये, लग्नात, पानठेल्यावर, सगळीकडं ऐकलंय. मला ते पटत नाही. मार खाल्लेला पोरगा दुखलं तरी बोलत नाही, एवढंच तो शिकलेला असतो. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाला तो आवडतो, कारण तक्रार करत नाही. पुढं तोच गप्पपणा त्याच्या जिवावर उठतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बालपणीचा मार आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध सैनिकांत आहे, पण बऱ्याच बाबतींत नागरिकांपेक्षा कमी जोराचा. का, ते अभ्यास ठामपणे सांगत नाही. माझा अंदाज साधा आहे: वेळेवर जेवण, बाजूच्या खाटेवर बडी म्हणजे जोडीदार, आजारी पडलं तर आरएमओ म्हणजे पलटणीचा डॉक्टर, आणि रात्री दारू पिऊन कुणी दारात येणार नाही याची खात्री. काही पोरांना हे पहिल्यांदा बराकीतच मिळतं. वर्दी म्हणजे त्यांच्यासाठी घरातून निघायचा सन्मानाचा रस्ता.

म्हणून भरतीच्या मेडिकलमध्ये 'लहानपणी घरात मार खाल्ला का' हा प्रश्न घाला म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. पोरं सरळ खोटं बोलतील, आणि खरं बोलणारा बाहेर पडेल. विचारायचं ते नंतर, ट्रेनिंग संपल्यावर, आणि कॅटेगरी लागणार नाही, म्हणजे मेडिकल दर्जा खाली येणार नाही, या हमीवर. ती भीती गेल्याशिवाय जवान तोंड उघडत नाही, साहेबासमोर सगळे जमतात त्या सैनिक संमेलनात तर नाहीच. फोनवर बोलणं सोपं जातं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो, आणि सैन्यातल्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून वेगळा कक्ष आहे. लहान मुलांसाठी १०९८. फोन केला म्हणून पोलीस येतील ही भीतीही काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार धरत नाहीत, तो प्रचंड ताणात होता असंच मानतात.

मला जास्त काळजी न निवडल्या गेलेल्यांची आहे. भरतीचं वय ओलांडलं की अग्निवीरचं दार बंद. मग तो पोरगा त्याच घरात, त्याच बापासमोर, आता वर 'नापास' हा शिक्का घेऊन. त्याला बडी नाही, आरएमओ नाही. पागलखाना चौकाचं, म्हणजे नागपूरच्या मनोरुग्णालयाचं, नाव काढलं तरी घरचे "काहून, येडा झाला का?" म्हणणार.

आणि आता परत येणारेही असतील. लष्करातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला बसली. नोकरी चार वर्षांची, मोजा. नियमानं २५ टक्क्यांपर्यंत पुढे ठेवणार, बाकीचे घरी. त्यांच्याबद्दल जे काही बोललं जातं ते नोकरीतलं आरक्षण, कर्ज, सर्टिफिकेट यावरच. निघण्याआधी प्रत्येकाला एकट्यात बसवून कुणीतरी विचारावं, की तू जातोस ते घर तुला जाण्यासारखं आहे का. नसेल तर दुसरी राहायची सोय काय, ते तिथंच ठरवावं, आणि उत्तर कुठल्याही कागदावर चढवू नये.