खुलासा : गडावरच्या ‘लाज आणणाऱ्या’ पाट्या

ट्रेकर्सच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘हजारो पर्यटक इथे नावं कोरतात अशी पाटी लावा, लोक लाजून थांबतात, अमेरिकेत सिद्ध झालंय.’ तिथे दिसलं ते नेमकं उलटं.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खूण केलेले अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे ठेवले. ‘अनेकांनी लाकूड नेलंय’ या पाटीपाशी ७.९२ टक्के तुकडे गायब झाले. ‘कृपया नेऊ नका’ या साध्या पाटीपाशी १.६७ टक्के. सगळेच नेतात म्हटल्यावर माणसाची भीड चेपते, दुसरं काय! प्रयोग लाकडाचा होता, कोरीव नावांचा नव्हे, हेही खरंच. पण मेसेजला त्याचा आधार मुळीच नाही.

तेव्हा तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.