नॅचरल हसा, काकी

आषाढी एकादशी झाली की बेळगावातले फोटोवाले मोकळे होतात, ही बातमी पुण्याला कुणी पोचवली याचा मी अजून तपास करतेय. एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. मुहूर्त नाहीत म्हणजे ऑर्डरी नाहीत, आणि ऑर्डरी नाहीत म्हणजे मे महिन्यात फोनसुद्धा न उचलणारा माणूस पहिल्या रिंगला ‘बोला काकी’ म्हणतो. भावही उतरतो. हे सगळं माझ्या धाकट्या जावेला पुण्यात बसून ठाऊक होतं. मला बेळगावच्या शहापुरात राहून नव्हतं.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली होती. भाऊजी, जाऊ आणि त्यांची दोन मुलं येणार, म्हणजे कुंदा आणून ठेवायचा, गाद्या वाळवायच्या (श्रावणात ऊन कुठलं, पंख्याखालीच), एवढीच माझी तयारी. तर मेसेज आला, ‘ताई, या वेळी फॅमिली शूट करूया.’ गोव्याला गेले तेव्हा तिनं तासभरासाठी असा माणूस ठरवला होता. हल्ली सगळे ठरवतात. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. फिरायला गेलं की फोटो नवरा काढतो, त्यामुळे नवरा एकाही फोटोत नसतो आणि बायकोचे पाय घोट्याशी कापलेले असतात. माणूस ठरवला की सगळे फोटोत येतात, पायांसकट.

आमच्या वेळी रोल छत्तीसचा असायचा. गुंडाळणारा हुशार असला तर वर एक-दोन निघायचे. लग्नानंतर आम्ही गोकाकला गेलो तेव्हा ह्यांनी धबधब्याचेच इतके फोटो काढले की मला उभं करायची वेळ आली तेव्हा रोल संपला होता. तो विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही. त्यामुळे जावेला मी ‘चालेल’ म्हणाले, त्यात थोडा जुना हिशेबही होता.

पाठोपाठ रंगांचा तक्ता आला. मळकट पांढरा, फिकट हिरवा आणि ओल्या वाळूचा. सगळ्यांनी यातलंच घालायचं. चौकडा नको, भडक काठ नकोत. चौकड्याला फोटोवाल्याचाही आक्षेप होता. बारीक चौकडे कॅमेऱ्यात वळवळतात म्हणे. ते खरं आहे, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याचा शर्ट वळवळताना मी पाहिलाय. पण सासूबाईंकडं इरकलीशिवाय दुसरं लुगडं नाही. लाल पदरावर पांढरे पट्टे हा इरकलीचा कायदाच आहे, तो पुण्याहून कसा बदलणार? मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तिन्ही रंग नीट बघितले आणि विचारलं, ‘श्रावणी सोमवारी मळकं लुगडं नेसून देवाला जाऊ होय मी?’

कारण त्यांना तयार करताना आम्ही फोटोचं नाव काढलंच नव्हतं. राजहंसगडावर सिद्धेश्वराचं दर्शन, एवढंच सांगितलं होतं. शेवटी त्या डाळिंबी इरकल नेसल्या. आम्ही बाकीचे ओल्या वाळूत.

फोटोवाला पोरगा वडगावचा. दाढी कोरलेली, गळ्यात दोन कॅमेरे, कंबरेला पट्टा आणि पट्ट्याला आणखी काय काय लटकवलेलं. सोबत रिफ्लेक्टर धरायला एक मुलगा. पॅकेज पूर्ण दिवसाचं, दोन कपडेबदल, ४० एडिट केलेले फोटो, निम्मे पैसे आधी. त्यात एक बारीक कलम असं की गाडीतून जायचा-यायचा वेळही धरला जाणार. हे कळल्यावर ह्यांनी ड्रायव्हरच्या शेजारची जागा पकडली ती घड्याळ हातात घेऊनच. वाटेत कुठं चहाला थांबायचं नाही. ‘त्याच्या चहाचे पैसे आपण द्यायचे, आणि तो चहा पितो त्या वेळाचेही आपणच?’

येळ्ळूरच्या शिवारातून गाडी वर चढली तेव्हा गडावर धुकं होतं. खाली बासमतीची भातं हिरवीगार, वर शिवाजी महाराजांचा पुतळा धुक्यात अर्धा. माझ्या मनात आलं, अशा वेळी गप्प उभं राहावं. पोरगं म्हणालं, ‘काकी, सर, गाडीतनं परत उतरा. उतरताना नॅचरल हसायचं.’

आम्ही परत बसलो आणि उतरलो. दाराची बाजू चुकली. परत बसलो. पुतण्याच्या कानात वायरी होत्या, त्या काढायला लावल्या. परत. सासूबाई एकदाच उतरल्या आणि थेट सिद्धेश्वराकडं चालू लागल्या. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, मार्च २०२३ मध्ये इथल्या पुतळ्याचं चार दिवसांत दोनदा अनावरण झालं, आधी सरकारनं, मग विरोधकांनी. त्या मानानं आपले रिटेक काय जास्त नाहीत.’

खरी गंमत पुढं. हा पोरगा वर्षभर काढतो ते प्री-वेडिंगचे फोटो. हात त्याच वळणावर गेलेला. माणसं दिसली की ती येत्या मार्गशीर्षात लग्न करणार आहेत असं धरूनच तो कामाला लागतो. भाऊजींना जावेची ओढणी धरून पळायला लावलं. त्यांचा मधुमेह सकाळचा डोस घेऊन नुकता शांत झाला होता. मग आमची पाळी. ‘काकी, तुम्ही तटाला टेका. सर, तुम्ही लांबून चालत या. मध्येच थांबा. मॅडमना पहिल्यांदा बघितल्यासारखं बघा.’

हे थांबले. बघितलं. मग फोटोवाल्याला म्हणाले, ‘असंच बघितलं होतं. तिच्या काकांनी विचारलं, पगार किती?’

सगळ्यात जाच त्या ‘कॅन्डिड’चा. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. बघत नाही हे दिसायलाही नको. नेहमीसारखं बोलत राहायचं. आणि रिफ्लेक्टर धरणाऱ्या मुलाला फक्त कानडी येतं. धाकटी पुतणी सारखी दुसरीकडं बघते म्हणून तो पत्रा हलवत ओरडायचा, ‘इल्ली नोड्री! इल्ली, इल्ली!’ एक मराठीत सांगतोय इकडं बघू नका, दुसरा कानडीत सांगतोय इकडंच बघा. पुण्याच्या लोकांचं बरं, त्यांना एकच कळत होतं. आम्ही बेळगावची माणसं, आम्हाला दोघांचंही ऐकणं भाग. त्या सगळ्या फोटोंत माझा एक डोळा मराठीत आणि एक कानडीत आहे.

‘आता सर, मॅडमच्या कानात कायतरी सांगा की.’

ह्यांनी वाकून माझ्या कानात विचारलं, ‘खरं सांग, ॲडव्हान्स किती दिलात ह्याला?’

मी आकडा सांगितला. ह्यांचं तोंड असं काही झालं की मला हसू आवरेना. तटाला धरून हसले, डोळ्यांत पाणी आलं. पोरगं ओरडलं, ‘लव्हली! सेम परत!’ परत कसं होणार? आकडा एकदाच कळतो.

उतरताना त्याला आठवलं की बॅगेत लग्नसराईतले रंगीत धुराचे दोन बॉम्ब शिल्लक आहेत. ठेवले तर दमट होऊन वाया जाणार, म्हणून फुकट. फुकट म्हटल्यावर ह्यांचा विरोध मावळला. रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधाजवळ आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि त्या मुलानं गुलाबी धूर सोडला. प्री-वेडिंगला तो जोडप्यामागं तरंगत असेल. ऑगस्टमधला येळ्ळूरचा वारा काही तसा तरंगू देत नाही. धूर सरळ आमच्या तोंडात. ओली वाळू गुलाबी झाली. भातात भांगलण करणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, त्यांतली एक हाक मारून म्हणाली, ‘काय पेटलंय गा तिकडं? पाणी आणू काय?’ सासूबाई उपाशीपोटी खोकत होत्या, पण तिला उत्तर त्यांनीच दिलं: ‘काय पेटलं नाही बाई, पुण्याची माणसं आलीत.’

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, फार वेळ गेला नाही. १२०४ सालची बस्ती, रट्ट राजांच्या काळात बीचिराज मंत्र्यानं बांधलेली. आत काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत की पुतणीनं त्यात स्वतःचे दात बघितले. पण आत अंधार, आणि अंधारात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याला तिपाई लागते, आणि तिपाईला परवानगी लागते, ती कुणी काढली नव्हती. रखवालदारानं शांतपणे मान हलवली, विषय संपला. जावेनं पोरग्याला सांगितलं, वर छताला दगडी कमळ आहे, त्याच्या बरोबर खाली देवाकडं पाठ करून सगळे उभे राहू. सासूबाई म्हणाल्या, ‘पाठ कुणाकडं करायची?’ तोही विषय संपला.

मग ती म्हणाली, निदान किल्ला तलावावरून ड्रोन उडव. पोरग्यानं पहिल्यांदाच कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला. ‘मॅडम, इकडं कॅम्प, मिलिटरी. तिकडं सांबऱ्याला विमानतळ. ड्रोन वर गेला की मी आत जातोय.’

गोकाकपर्यंत साठेक किलोमीटर. गाडीत कोणी बोलेना, कारण प्रत्येक मिनिटाला ह्यांच्या घड्याळात पैसे पडत होते. भाऊजींनी तरी वातावरण हलकं करायला मुलांना माहिती सांगायला घेतली: घटप्रभा इथं १७० फूट खाली पडते, इंग्रजांच्या काळी या पाण्याच्या जोरावर इथं सूतगिरणी उभी राहिली. पुतण्यानं कानातली एक वायर काढून विचारलं, ‘तिथं रेंज आहे का?’

श्रावणातला गोकाक ज्यानं बघितलाय त्याला पाण्याचा रंग सांगायला नको. तांबडं, गढूळ, चहात दूध जास्त झाल्यासारखं; आणि आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलायचं. तुषार इतके की काचेवरून पुसलं की परत पाणी. पोरग्याचा तो खास मऊ रुमाल दहा मिनिटांत भिजून गेला. मग शर्टानं पुसायला गेला तर स्वतःच थबकला, ओरखडा पडला तर लेन्स गेली. सासूबाई बघत होत्या. पुढं झाल्या, आणि पदराचं आतलं कोरडं टोक त्याच्यापुढं धरलं. कितीदा धुतलेलं ते सूत. ‘ह्यानं पूस. ह्यात नातवंडांची नाकं पुसलीत, एकाला ओरखडा नाही.’ त्यानं बावरून माझ्याकडं बघितलं आणि लेन्स पुसली. त्यानंतर तासभर तो दर फोटोआधी ‘आजी’ म्हणून हाक मारायचा आणि आजी पदर पुढं करायच्या. ज्या लाल पदरानं रंगांच्या तक्त्याची वाट लावली होती त्याच्यावर सगळं शूट चाललं होतं. जावेच्या ते लक्षात आलं होतं, पण ती काही बोलली नाही.

इथं मात्र त्याला उलटाच फोटो हवा होता. पाणी रेशमासारखं दिसायला शटर सावकाश उघडझाप करावं लागतं, आणि तेवढ्यात माणूस हलला तर त्याचं भूत होतं. सकाळपासून हला, चाला, पळा, हसा. आता म्हणे श्वाससुद्धा घेऊ नका. आम्ही धबधब्याकडं पाठ करून दगडासारखे उभे. केवळ सासूबाई स्थिर होत्या, त्यांना जुन्या स्टुडिओची सवय. बाकी आम्ही सगळे त्या फोटोत भुतं आहोत.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी उपासातली चहाची तल्लफ जाहीर केली, आणि त्यांच्यापुढं घड्याळ चालत नाही. टपरीवर थांबलो. गरम मिरची भजी समोर तळत होते आणि सोमवार म्हणून आम्ही मोठ्यांनी बघत बसायचं. फोटोवाल्यानं दोन प्लेट खाल्ल्या. पैसे ह्यांनी दिले, मोजून, जरा मोठ्यानं.

गणपतीत देतो म्हणालेले फोटो नवरात्रात आले. लिंक उघडली. गोकाकचं पाणी निळं झालं होतं. राजहंसगडाच्या धुक्यामागं सूर्य मावळत होता, सकाळी साडेसातला. भाऊजींचं पोट आत गेलं होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सासूबाईंना मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘माझं गोंदण कुठं गेलं?’

हनुवटीवरचे तीन ठिपके आणि कपाळावरची तुळस, सगळं साफ. मी फोन लावला. ‘डाग म्हणून गेलं असेल काकी, ते आपोआप जातंय.’ सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. ‘डाग तुझ्या कॅमेऱ्याला! चार बायकांनी हातपाय धरून गोंदलंय मला, तू आपोआप काढतोस?’

तो वरमला. पण फोन ठेवेना. अडखळत म्हणाला, त्याचंही एक काम होतं. आमचा तो तटावरचा फोटो, कानात सांगतानाचा, त्याला त्याच्या पेजवर जाहिरातीला घालायचा होता. ‘लग्नाच्या वाढदिवसाचं नवीन पॅकेज काढायलोय काकी. असलं प्रेम आजकालच्या जोड्यांत दिसत नाही.’

माझ्याकडून फोन ह्यांच्याकडं गेला. दिवसभर कुरकुरणाऱ्या माणसानं तो फोटो आधीच आपल्या व्हॉट्सॲपला लावलाय, हे मला भाजीवालीकडून कळलं होतं. ह्यांनी घसा साफ केला.

‘घाल की. पण आधी आईचं गोंदण परत लाव. चाळीसच्या वरचे जे काय काढलेस ते सगळे पाठव. आणि बाकी पैशांतून दोन प्लेट भजी वजा कर.’