कॉफी, पीनट बटर आणि अर्धा इंच दाढी

"अमेरिकेत कॉफी सांडली म्हणून बाईला कोट्यवधी मिळतात, कैदी पीनट बटरवरून कोर्टात जातात, नागरी हक्कांच्या नावाखाली वकिलांची चांदी होते आणि न्यायाधीश हात बांधून बसतात." हा फॉरवर्ड इतका फिरलाय की लोक तो दाखला म्हणून देतात. एकेक मुद्दा घेऊ.

कॉफीचं प्रकरण 1992 चं, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचं. बाई 79 वर्षांच्या. गाडी नातवाची, आणि ती उभी होती. दूध-साखर घालायला झाकण काढताना गुडघ्यांत धरलेला कप कलंडला. मॅकडोनाल्ड्सची कॉफी तेव्हा 82 ते 88 अंश सेल्सिअसवर ठेवली जायची. मांड्या आणि जांघा इतक्या खोल भाजल्या की आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, कातडी लावावी लागली. बाईंनी 20,000 डॉलर मागितले, कंपनीनं 800 देऊ केले. तेव्हा कुठे खटला उभा राहिला. त्यात बाहेर आलं की आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या 700 हून जास्त तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्यूरीनं 20 टक्के चूक बाईंचीही धरली आणि भरपाई 1,60,000 डॉलरवर आणली. दंडापोटी सांगितलेले 27 लाख डॉलर न्यायाधीशांनी 4,80,000 वर उतरवले. पुढे गुप्त तडजोड झाली. फॉरवर्डमध्ये यातलं फक्त "कॉफी सांडली" उरलं.

न्यायाधीशांचे हात बांधलेले नसतात, हे इथेच दिसलं. शिवाय फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात नियम 11 आहे: बिनबुडाच्या दाव्यावर सही करणाऱ्या वकिलाला दंड होऊ शकतो. 1983 साली हा नियम कडक केला, तेव्हा त्याचा फटका नागरी हक्कांचे दावे आणणाऱ्यांना जास्त बसतो अशी ओरड झाली. 1993 साली तो सौम्य करावा लागला.

आता पीनट बटर. कैद्यांच्या "फालतू" खटल्यांच्या यादीत हा दावा होता: गुळगुळीत हवं होतं, दाणेदार मिळालं. न्यूयॉर्कमधल्या फेडरल अपील कोर्टाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद पाहिले. कैद्यानं चुकीची बरणी परत केली होती, बदलून मिळेल असं त्याला सांगितलं होतं, पण त्याच रात्री त्याची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली. बरणी आली नाही, आणि तिच्यासाठी त्याच्या खात्यातून कापलेले अडीच डॉलर मात्र गेले. रक्कम लहान असेल, पण पैसे त्याचेच होते! अशाच किश्श्यांच्या जोरावर 1996 साली अमेरिकी संसदेनं कैद्यांच्या दाव्यांवर कडक बंधनं घातली. खऱ्या मारहाणीच्या तक्रारींनाही तीच लागू आहेत.

"कैदी दाढीसाठी कोर्टात गेला" हेही एका ओळीत हास्यास्पदच वाटेल. आर्कान्सामधल्या एका मुस्लिम कैद्यानं धर्मासाठी अर्धा इंच दाढी मागितली होती. त्याचा हातानं लिहिलेला अर्ज सुप्रीम कोर्टानं ऐकायला घेतला, आणि 2015 साली नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला.

पैसे उकळण्यासाठी खटले होतात, हे खरंच आहे. कॅलिफोर्नियात अपंगांसाठीच्या सोयीत त्रुटी सापडली की किमान 4,000 डॉलर मिळतात, त्यामुळे तिथे काही जण दुकानामागून दुकानावर दावे टाकत सुटतात. छोट्या दुकानदारांचा राग मला समजतो. त्यावर दुरुस्तीला मुदत देण्यासारखा नेमका उपाय करावा. कोर्टाचं दार सगळ्यांनाच बंद करणं हा उपाय नव्हे.

राहिली वकिलांची चांदी. 1975 साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये पोलीस वॉरंटशिवाय एका घरच्या पार्टीत घुसले आणि अश्रुधूर सोडला. आठ मेक्सिकन-अमेरिकन लोक कोर्टात गेले. त्यांना भरपाई मिळाली 33,350 डॉलर, वकिलांची फी ठरली 2,45,456 डॉलर. नागरी हक्कांच्या दाव्यांतल्या वकील-फीबद्दलच्या 1976 च्या कायद्यानं ती हरलेल्या शहरानं भरायची होती. शहर सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1986 साली एका मताच्या फरकानं हरलं. फी भरपाईच्या हिशेबात बांधली असती, तर गरिबाच्या घरात घुसलेल्या पोलिसांविरुद्ध दहा वर्षं लढायला कोणता वकील उभा राहिला असता?