माउस आपल्या हातात घ्या

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तुमची नेमणूक झालीय आणि मुलं व्हिडिओ एडिटिंगच्या अडचणी घेऊन तुमच्याकडे येणार आहेत? मग आधी एवढंच करा: जी विचारतेय तिला खुर्चीवरून उठवा आणि माउस आपल्या हातात घ्या. तिचं म्हणणं पुरतं ऐकत बसू नका, अर्ध्या वाक्यात आपल्याला कळतंच. भराभर सात-आठ क्लिक मारा, दोन शॉर्टकट दाबा, "झालं बघ" म्हणा आणि पुढच्या मशीनकडे वळा. काय झालं ते तिला कळलेलं नसतं, म्हणजे उद्या ती पुन्हा येणार. नोकरी अशीच टिकते.

सत्राच्या पहिल्या दिवशी तर तोंडाला कुलूपच. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, तो कुठल्या फोल्डरात पडलाय त्याचा फक्त पत्ता असतो, हे चुकूनही सांगू नका. सांगायला दोन मिनिटं लागतात, पण पुढच्या चार महिन्यांची सगळी गंमत त्यात जाते. मग एखादा मुलगा ती चिमुकली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ऐटीत घरी जातो, उघडतो, तर टाइमलाइनवर क्लिपच्या जागी 'मीडिया ऑफलाइन'. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून येतो. तुम्ही विचारायचं, "फुटेज कुठंय?" तो फाइलकडे बोट दाखवतो. "ही चिठ्ठी झाली रे, सामान कुठंय?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरतोय, अजून शिळं झालेलं नाही.

सामान बहुतेक डेस्कटॉपवर असतं. म्हणजे होतं. रिस्टार्ट झालं की मशीन कोरं करणारी सेटिंग बऱ्याच लॅबमध्ये असते. त्याची सूचना जरूर लावा, पण दाराच्या मागच्या बाजूला. लॅब चालू असते तेव्हा दार उघडंच असतं.

तांत्रिक कारणांच्या खोलात शिरू नका. मोबाइलचं 4के फुटेज अडखळतं, कारण त्यातल्या बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात. आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदलेलं असतं आणि मशीनला दरवेळी चित्र नव्यानं जुळवावं लागतं. हलक्या प्रॉक्सी फाइली, म्हणजे एडिटिंगपुरत्या त्याच फुटेजच्या कमी दर्जाच्या नकला, बनवून दिल्या तर तेच जुनं मशीन सुरळीत चालतं. पण तुम्ही म्हणायचं, "रॅम कमी आहे." हे कधीच खोटं पडत नाही. आवाज ओठांच्या पुढे पळतोय? मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, शूटभर एकसारखा राहत नाही, फुटेज आधी ठरावीक रेटमध्ये कन्व्हर्ट करून घ्यायला हवं. तुम्ही म्हणायचं, "नीट बोलला नसशील."

64 जीबीचा पेनड्राइव्ह निम्मा रिकामा आहे, तरी एक्सपोर्ट केलेली 5 जीबीची फाइल त्यात जात नाही, अशी तक्रार आली तर "दुसरा आण" म्हणा. फॅट32 फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हे गुपित आपल्यातच राहू द्या. दुसराही त्याच फॉरमॅटचा निघाला की तिसरा मागवता येतो.

सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी एक्सपोर्ट 87 टक्क्यांवर असताना किल्ल्या वाजवायला मात्र विसरू नका. फार जोरात नको, मुलं बिथरतात.

इतकं करूनही एखादी मुलगी अशी निघतेच, जिचं फुटेज, आवाज, फोटो, प्रोजेक्ट सगळं एकाच फोल्डरात असतं आणि तो फोल्डर दोन ठिकाणी असतो. तिच्याभोवती हळूहळू घोळका जमतो. ती कुणाला उठवत नाही, कुणाच्या माउसला हात लावत नाही, शेजारी उभी राहून नुसतं बोट दाखवते, "इथं क्लिक कर, आता बघ काय होतं." असं दिसलं की ताबडतोब तिथं जा आणि लॅबमध्ये बोलायला बंदी आहे, याची आठवण करून द्या.