दीड हजार आणि तेरावी पेन्शन

‘दीड हजारात मत विकलं’ हा लाडक्या बहिणींवरचा शेरा नोव्हेंबर २०२४ च्या निकालापासून थांबलेला नाही. स्वित्झर्लंडमधून पाहताना तो अन्यायाचा वाटतो. इथला सुखवस्तू मतदारही स्वतःचा खिसा चाचपूनच मत देतो. सप्टेंबर २०२२ मध्ये बायकांचं निवृत्तीचं वय ६४ वरून ६५ करावं का, यावर मतदान झालं. ५०.५ टक्क्यांनी प्रस्ताव कसाबसा तरला. मतदानानंतरच्या पाहणीत दिसलं, की बहुतेक बायका विरोधात होत्या आणि बहुतेक पुरुष बाजूने. ज्याच्या अंगावर भार, त्याचा नकार. मग शेतमजूर बाईने आपला फायदा पाहिला, तर तिनेच मत विकलं कसं?

फरक आहे तो हिशेब मतदारापुढे कधी येतो यात. इथे मतदानाच्या किमान तीन आठवडे आधी मतपत्रिकेसोबत सरकारी पुस्तिका घरी येते. प्रस्तावाचा मजकूर, त्याचे परिणाम, दोन्ही बाजूंचे मुद्दे, सगळं त्यात असतं. २०२२ मध्ये वयासोबत पेन्शनच्या पैशासाठी वॅट ७.७ वरून ८.१ टक्के करण्याचाही प्रश्न होता. दोन्हींना होकार मिळाला तरच दोन्ही लागू होणार होते.

ही गाठ सुटली की स्विस मतदारही घसरतो. मार्च २०२४ मध्ये पेन्शनरांना बारा महिन्यांच्या बारा पेन्शनींवर वर्षाला जादा तेरावी पेन्शन देणं ५८ टक्क्यांनी मंजूर झालं, तेही सरकारचा विरोध असताना. त्याच दिवशी निवृत्तीचं वय ६६ करायला जवळजवळ तीन-चतुर्थांश मतदारांनी नकार दिला. तेराव्या पेन्शनचा खर्च वर्षाला चार अब्ज फ्रँकच्या घरात आणि पैसा कुठून आणायचा ते मात्र मागाहून ठरवायचं. पगारातली कपात वाढवायची की वॅट, यावरून मग संसदेत ओढाताण सुरू झाली.

महाराष्ट्रात तर सगळंच मागाहून. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात बायकांना महिन्याला दीड हजार देणारी लाडकी बहीण योजना आली, वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी. प्रचारात सत्ताधारी २१०० वर गेले, विरोधक ३००० वर. कुठला खर्च कापणार, कुठला कर वाढवणार, हे दोघांच्याही सभांत ऐकू आलं नाही. निकालानंतर अर्जांची छाननी सुरू झाली आणि २०२५-२६ साठी तरतूद ३६ हजार कोटींवर आली. ज्या बाईचं नाव वगळलं, तिला हे मतदानाआधी कळायला हवं होतं.

आश्वासनांसाठी पैसा कसा उभारणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने सांगावं, असं निवडणूक आयोगाची आचारसंहिता आजही म्हणते. ते ‘ढोबळमानाने’ काढून टाका. रोख रकमेच्या प्रत्येक आश्वासनाखाली तीन ओळी सक्तीच्या करा: लाभार्थी किती, वर्षाला कोटी किती, कुठल्या खात्यातून किंवा करातून. आणि तो कागद मतदार चिठ्ठीबरोबर घरोघरी पोचवा.