लोपा आणि मुद्रा, दोघी आहेत का?

सकाळी साडेसातची वेळ, बारा तासांचा उपास, आणि रक्त तपासायला आलेली चहावाचून कावलेली माणसं. काउंटरवरच्या मुलीने यादीत डोकं घातलं, एका नावापाशी थबकली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "लोपा आणि मुद्रा कोण? दोघी एकदमच आत या."

मी एकटीच उठले.

"दुसऱ्या कुठायत?"

"दुसरी नाहीये. मीच आहे."

"दोघींचं सँपल तुम्हीच देणार?"

बाकड्यावरच्या एका आजोबांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मी म्हटलं, "लोपामुद्रा. एकच शब्द, एकच बाई." तिने मान डोलावली आणि छोट्या नळीवर पेनने लिहिलं, 'लोपा'. दोन तासांनी जेवणानंतरचं रक्त द्यायला गेले, तेव्हा दुसऱ्या नळीवर 'मुद्रा' लिहिलेलं होतं. उपाशी लोपा आणि जेवलेली मुद्रा. रिपोर्टात लोपाची साखर बरी होती. मुद्राला पथ्य सांगितलंय.

हे नाव मला भरणी नक्षत्राने दिलं. भरणीची चरणाक्षरं ली, लू, ले, लो, आणि मी नेमकी चौथ्या चरणावर टपकले. सहाएक तास कळ काढली असती तर कृत्तिकेचं 'अ' मिळून सुखाने अर्चना किंवा अनिता झाले असते. तेवढेच आधी आले असते तर निदान लेखा तरी. बाकीच्यांच्या घरी जन्मनाव पत्रिकेत ठेवतात आणि हाक मारायला सुटसुटीत नाव निवडतात. आमचे आजोबा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, त्यांना ही दोन-दोन नावांची भानगड मान्य नव्हती. बाबांनी 'लोचना' सुचवून पाहिलं. त्यावर आत्या म्हणाली, "शाळेत पोरं तिला लोच्या म्हणतील." हा मुद्दा बिनतोड होता. मग आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि 'लोपामुद्रा' म्हणाले. विषय संपला.

बारशाला कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, सगळं यथासांग झालं. आत्याने पाळण्यात वाकून माझ्या कानात कुर्रर्र केलं, "लोपा" म्हणाली, थांबली, आणि वर बघून भर बायकांत विचारलं, "अण्णा, पुढे काय हो?" म्हणजे माझ्या नावाबद्दलची पहिली शंका मी बारा दिवसांची असतानाच निघालेली आहे. आजी तर शेवटपर्यंत 'लोपी' म्हणाली. आईला मात्र नावाचा फायदाच झाला. रागावली की ती पूर्ण नाव घ्यायची, आणि 'द्रा'पर्यंत पोचेस्तोवर तिचा राग निम्मा उतरलेला असायचा.

शाळेत मराठीच्या बाई फळ्यावर 'लोप' लिहून 'इथे स्वराचा लोप होतो' म्हणाल्या की अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा. एरवी कुणी पोहामुद्रा म्हणायचं, कुणी लोहमुद्रा, आणि एका शिपाईमामांनी दहावीपर्यंत मला इमानेइतबारे लोकमुद्रा म्हटलं. त्यांची समजूत होती की ते एखादं दैनिक आहे.

पण खरा वनवास कागदपत्रांनी घडवला. मराठीत नाव चार अक्षरांचं, इंग्रजीत नऊ, आणि या नऊंच्या मधोमध कुणा परोपकारी माणसाने एकदा एक मोकळी जागा सोडली. तेव्हापासून एका ओळखपत्रावर मी एक बाई आहे आणि दुसऱ्यावर दोन. हे जुळवायला मी बँकेत गेले.

"हे बघा," काउंटरवरचे गृहस्थ पासबुक उलटं करून माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "नाव लोपा. मधलं नाव मुद्रा. म्हणजे मुद्रा हे मिस्टरांचं नाव, बरोबर?"

"नाही हो. मुद्रा मीच."

"मग वडलांचं?"

"वडलांचं नाही. ते माझ्याच नावाचं शेपूट आहे."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला, जणू मोकळ्या जागेत वॉटरमार्क असणार. "तुम्ही बंगाली का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतोच. मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तेवढ्या एका 'हो'ने त्याचा सगळा गोंधळ मिटणार असतो. शेवटी मला प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर मी शपथपूर्वक लिहून दिलं की लोपा आणि मुद्रा या दोन्ही व्यक्ती एकच असून ती मी आहे. वकिलाने तीनशे घेतले. मी विचारलं, दोघींचे का? तो हसला नाही.

त्यात २०१५च्या एप्रिलमध्ये मुद्रा योजना आली. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी चांगली योजना आहे, माझा तिच्यावर काही राग नाही. पण तेव्हा तिचे तीन प्रकार निघाले : शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत. ऑफिसातल्या चावट मंडळींना आणखी काय हवं? माझ्या पन्नाशीच्या वाढदिवसाच्या केकवर 'मुद्रा : तरुण' असं लिहून आणलं होतं. दुधवाल्याने तर खालच्या आवाजात विचारलं, "ताई, तुमच्याकडनं लोन होतं म्हणे?"

लग्नात सासूबाईंचा बेत मला रमा करण्याचा होता. छोटं, गोड, देवघरातलं नाव. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची वेळ आली, तेव्हा नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "आहे तेच राहू दे." आयुष्यातलं त्याचं हे एकमेव बंड. बिचाऱ्याने मोठ्या अक्षरात सुरुवात केली, 'लोपामु'पर्यंत ताट संपलं, आणि 'द्रा' काठावरून पाटावर सांडला. गुरुजी म्हणाले, चालतंय. मग नाव घ्यायचा आग्रह झाला. 'रमा'ला यमकं ढीगभर असतात. हा पठ्ठ्या दोन मिनिटं विचार करून म्हणाला :

"रविवारी दुपारी येते गाढ निद्रा,
डोळे उघडून बघतो तर समोर लोपामुद्रा."

त्यातली तक्रार मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळली.

माझं माहेर अकोले. विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं, नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं ते. गावात अगस्ती ऋषींचं देवस्थान आहे. साखर कारखाना अगस्तींच्या नावाचा, कॉलेज अगस्तींच्या नावाचं. लोपामुद्रा ही त्यांची बायको, पण तिच्या नावाची साधी पिठाची गिरणीही माझ्या पाहण्यात आली नाही. गंमत म्हणजे ती विदर्भाची राजकन्या. म्हणजे तिच्या हिशेबाने अकोला हे माहेर आणि अकोले सासर! आजोबांनी मला सासरच्या गावात जन्माला घालून माहेरचं नाव ठेवलं.

वसिष्ठांच्या शेजारी अरुंधतीचा तारा असतो, लग्नात तो दाखवतातसुद्धा. अगस्तींचा तारा तर व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी, पण तिकडे दक्षिणेला एकटाच तळपत असतो, शेजारी बायको नाही. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अन्न पचावं म्हणून ज्या पाच जणांचं स्मरण करतात, त्यात अगस्ती आहेत, कुंभकर्ण आहे, शनी आहे, वडवानल आहे, भीम आहे. रांधणाऱ्या बाईचा पत्ता नाही. तिची आठवण काढते ती ललितासहस्रनामात : 'लोपामुद्रार्चिता', लोपामुद्रेने पूजिलेली. आमच्या सोसायटीत शुक्रवारी पाठ असतो. ते नाव आलं की बाविसाच्या बाविस बायका पोथीतून मान वर करून माझ्याकडे बघतात आणि पुढची ओळ चुकतात.

लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, ही कोण? ते म्हणाले, "थोर पतिव्रता." एवढंच. नावाचा अर्थही त्यांनी सांगितला होता. अगस्तींनी वेगवेगळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक स्त्री घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी तिला जन्माला घातलं. तिच्यापुढे हरणाच्या डोळ्यांची वगैरे मिजास लोपली, म्हणून लोपामुद्रा. मी आरशात बराच वेळ पाहिलं. माझ्या वाट्याला त्यातली फक्त हत्तीची चाल आली असावी.

मग पस्तिशीत एकदा, बहुधा बँकेच्या रांगेतच, मी मोबाइलवर ऋग्वेदाचं भाषांतर उघडलं. पहिलं मंडल, १७९वं सूक्त, सहा ऋचा. पहिल्या दोन तिच्या तोंडच्या. थोर पतिव्रता काय म्हणते? किती वर्षं झाली, रात्रंदिवस राबतेय, थकले. म्हातारपण येऊन अंगाची कांती घालवतंय. आता पुरुषांनी बायकांकडे यावं! तप करत बसलेल्या नवऱ्याला हे तोंडावर सांगितलंय, आडपडदा न ठेवता. मी रांगेत इकडेतिकडे पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. आजोबांनी हे वाचलं नसेल असं मानायला मी तयार नाही. चष्मा कपाळावर ढकलून ते काय विचार करत होते, ते आता विचारायला ते नाहीत.

महाभारतातली तर याच्याही पुढे. वनपर्वात नवरा जवळ बोलावतो तेव्हा ती म्हणते, येते, पण वडिलांच्या महालात होता तसा पलंग आणा, दागिने आणा, आणि हो, त्यासाठी तपाला धक्का लागता कामा नये. बिचारे अगस्ती निघाले पैशाच्या शोधात. तीन राजांकडे गेले, तिघांनीही जमाखर्च पुढे ठेवला. जमा आणि खर्च पैन् पै समान, शिल्लक शून्य. शेवटी इल्वल नावाच्या असुराकडे जाऊन, त्याचा बोकड झालेला भाऊ वातापी खाऊन, पचवून, मग कुठे धन मिळालं.

ही गोष्ट मी नवऱ्याला मोठ्या आशेने सांगितली. आमची गादी मधोमध खोल गेलेली, दोन वर्षं मी नवी मागत होते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, उठला, आणि घराचे हप्ते, मुलाची फी, वीजबिल लिहिलेली वही माझ्यापुढे उघडली. जमा आणि खर्च पैन् पै समान. "बोकड खायची माझी तयारी आहे," तो म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही कोलकात्याला गेलो. हॉटेलात रिसेप्शनवरच्या तरुणाने नाव विचारलं. मी सवयीने दीर्घ श्वास घेतला, पर्स काउंटरवर ठेवली आणि सुरू झाले, "एल फॉर लंडन, ओ फॉर..." तो मान खाली घालून लिहीत होता. मी 'पी'पर्यंत पोचले तेव्हा तो थांबलेलाही होता. नऊच्या नऊ अक्षरं, सलग, मधे जागा नाही. त्याच्या मावशीचं नाव लोपामुद्रा होतं. वर्गातल्या एका मुलीचंही. "व्हेरी कॉमन, मॅडम," तो म्हणाला.

कॉमन! पन्नास वर्षं मी दगड-धोंडे खात हे नाव वागवलं, प्रतिज्ञापत्रं केली, दोन-दोन नळ्या रक्त दिलं, आणि इथे ते हुगळीकाठी गल्लोगल्ली पडलंय. नवरा मागे खो खो हसत होता. मला, खरं सांगते, लुटल्यासारखं वाटलं.

"टायटल?" त्या तरुणाने विचारलं.

"मिसेस," मी तोऱ्यात म्हटलं.

"नो नो मॅडम, टायटल." बंगाल्यांत आडनावाला टायटल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या आडनावात 'ळ' आहे, त्याच्यामागे 'ख' आहे, आणि शेवटी एक 'रे'. मी ते सांगितलं. त्याचं पेन हवेतच राहिलं. त्याने हळूच कागद माझ्याकडे वळवला.

मी पर्स पुन्हा काउंटरवर ठेवली, घसा खाकरला आणि म्हटलं, "पी फॉर पुणे..."