मिनँडरला अभ्यंगस्नान

ग्रीक राजाचा चेहरा असलेलं चांदीचं जुनं नाणं तुमच्या हाती आलंय? अभिनंदन. आता त्याची वाट कशी लावायची ते सांगतो.

आधी ओळख. सरळ नाकाचा, बिनदाढीचा कुणीही दिसला की ‘अलेक्झांडर!’ म्हणून मोकळे व्हा. अलेक्झांडरच्या हयातीतल्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लीस असतो, शिंगवाला अलेक्झांडर नंतर त्याचा सेनानी लिसिमाकसने आणला, असल्या फंदात पडायचं नाही.

खरं की खोटं? फरशीवर आपटा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. तुकडे पडले तर अस्सल.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं. हिरवा चिकट थर आपोआप येतो.

कडेने धरू नका. अंगठा थेट राजाच्या गालावर.

आणि स्वच्छता! यात आमच्या आतेभावाचा हात कुणी धरणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फराळाचे डबे पोचवायला गेलो, तेवढ्यात दादाने पूजेच्या नाण्यांबरोबर माझा मिनँडरही, म्हणजे त्या ग्रीक राजाचं नाणं, घंगाळात टाकला. चिंच, मीठ, वर रांगोळी आणि जुना टूथब्रश. अडीच ग्रॅमही न भरणारा द्रम्म, चांदीचं छोटं नाणं ते! एका बाजूला डोक्याला फीत बांधलेला राजा, भोवती ग्रीक अक्षरं. मागे वज्र उगारलेली अथेना देवी आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे त्राता महाराज मिनँडरचं. त्राता म्हणे! बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणारा हाच तो मिलिंद राजा, दादापुढे त्याचं काही चाललं नाही. दोन हजारांवर वर्षांची काळी झिलई दहा मिनिटांत मोरीत. गालावर ओरखडे, ‘त्रतरस’ आता नखाने चाचपडत वाचायचं. वर हळदकुंकू.

“बघ, नवंकोरं केलं! सोनाराकडून कडी लावून घे, पोरीला पेंडंट होईल.”

नवं कुणाला हवं होतं? तो काळेपणा मळ नसतो हो! गंधकाशी संयोग होऊन चांदीवर थर बसतो, तो राहू द्यायचा असतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या हजारो नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. कोण जिंकलं ते त्या ठशांखाली उरलेल्या नाका-कानांवरून वाचता येतं. तिथे कुणी चिंच घेऊन बसलं असतं तर? कळत नाही तर हात लावू नका. विचारा. दुसऱ्याच्या कपाटात हात घालताना तरी विचारा! आणि शेतात असलं काही सापडलं तर सोनाराकडे नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, कायदा १८७८ पासून आहे.

काल दादाचा फोन होता. “ते दुसरं काळं नाणं राहिलंच रे. देतोस का?”

ते नहपानाचं आहे. कपाटाला कुलूप लावलंय.